काट्याजवळचा माणूस

गावच्या दूध संकलन केंद्रासमोर पहाटे जी रांग लागते, तिच्यातल्या प्रत्येकाला आपल्या किटलीत किती लिटर दूध आहे हे घरूनच माहीत असते. ते किती फॅटचे आहे हे मात्र केंद्रावरचा माणूस सांगेल तेव्हाच कळते. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधात उरणारे घन पदार्थ) या प्रमाणावर ठरतो आणि त्याखाली गेलेल्या प्रत्येक पॉइंटला दरात कपात होते, त्यामुळे यंत्राने दाखवलेले ३.५ वहीत ३.४ म्हणून उतरले तर त्या दिवशीचा दर बदलतो. समजा, केंद्रावर २०० जण प्रत्येकी १० लिटर दूध घालतात आणि या एका पॉइंटने लिटरमागे २० पैसे कमी पडतात. तेवढ्यावर दिवसाला ४०० रुपये आणि वर्षाला १ लाख ४६ हजार रुपये कोणाच्या तरी खिशात राहतात. प्रत्येक उत्पादकाचे नुकसान मात्र रोजच्या दोन रुपयांचे असते, आणि दोन रुपयांसाठी सकाळी सकाळी कोणी भांडत नाही.

आपल्याकडे ‘मापात पाप’ असा शब्दप्रयोग आहे. भावात पाप किंवा उधारीत पाप असे कोणी म्हणत नाही. आपल्या लोकांनी नेमके माप धरले, आणि त्यामागे बाजाराची खरी जाण आहे असे मला वाटते. भावाची घासाघीस दोघांत होते, दोघेही आपापल्या परीने ताणतात, आणि त्यात एकाने दुसऱ्यावर मात केली तर त्याला हुशारी म्हणतात. माप मात्र एकाच्याच हातात असते. दुसऱ्याला ते पाहता येत नाही किंवा पाहिले तरी कळत नाही, आणि तो केवळ विश्वासावर मान डोलावतो. या एकतर्फी जागेवर माणूस कसा वागतो तीच त्याची व्यवसायातली सचोटी, अशी साधी व्याख्या धरून मी पुढचे मांडतो आहे. वेळेवर येणे, गोड बोलणे, देणग्या देणे, कामगारांना दिवाळीला मिठाई वाटणे हे सगळे चांगलेच आहे, पण ते दिसणारे वागणे आहे आणि दिसणाऱ्या वागण्याची किंमत वसूल होत असते.

उद्योगातील नीतिमत्तेवर बोलणारी आपली भाषा बहुधा मालकाकडे पाहून बोलते. संस्थापकांची चरित्रे, संस्थेची मूल्ये, भिंतीवर लावलेली ध्येयवाक्ये आणि वार्षिक अहवालातील पहिले पान यांतून असे वाटू लागते की, सचोटी ही वरून खाली झिरपणारी वस्तू आहे. वरचा माणूस भ्रष्ट असेल तर खालचा सरळ राहणे कठीण असते, हे खरेच आहे. पण ज्या क्षणी पाप घडते तो क्षण जवळजवळ नेहमी एखाद्या पगारी माणसाच्या हातून जातो. आकडा लिहिणारा, सही करणारा, नमुना घेणारा, काट्याचे बटण दाबणारा असा कोणीतरी एक माणूस तिथे असतो आणि त्याने नकार दिला तर गोष्ट पुढे सरकत नाही, किंवा निदान अडखळते. माझे म्हणणे या माणसाबद्दल आहे. नियम, यंत्रे आणि तपासण्या कितीही वाढवल्या तरी त्यांनी या माणसाची गरज संपत नाही. त्यांनी फक्त त्याची जागा बदलते. आणि आपण प्रत्येक घोटाळ्यानंतर नवे यंत्र आणतो, नवा कायदा करतो, पण या माणसाचे काय झाले ते विचारत नाही.

उसाचे उदाहरण घेऊ, कारण तिथे हे सरकणे स्पष्ट दिसते. साखर कारखान्यांच्या काटामारीबद्दल शेतकरी संघटना वर्षानुवर्षे ओरड करत आल्या आहेत. वैधमापनशास्त्र विभाग दरवर्षी काट्यांची पडताळणी करून शिक्का मारतो. उरलेल्या दिवसांचे काय, हा शेतकऱ्याचा प्रश्न असतो. तरीही वजन ही अशी गोष्ट आहे की, शंका आली तर बाहेरच्या काट्यावर गाडी चढवून पडताळता येते. उताऱ्याचे, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली त्याचे, तसे नाही. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होता, आणि उतारा दर ०.१ टक्क्याने वर गेला तर त्यात ३ रुपये ३२ पैशांची भर पडत होती. म्हणजे टनाला ३३ रुपये २० पैसे. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात उताऱ्याचा आकडा एक दशांशाने इकडचा तिकडे झाला, तर ३ कोटी ३२ लाख रुपये शेतकऱ्यांकडे जायचे ते कारखान्याकडे राहतात. हा आकडा ज्या प्रयोगशाळेत ठरतो तिथे एकही शेतकरी उभा नसतो, आणि उभा असता तरी त्याला काही उमगले नसते. तिथला केमिस्ट आणि त्याच्या अहवालावर सही करणारा अधिकारी काय लिहितात त्यावर हजारो घरांचे गणित अवलंबून असते. काटा इलेक्ट्रॉनिक झाला, संगणकाला जोडला गेला, पावती छापील झाली, हे सगळे स्वागतार्हच आहे. पण त्याबरोबर विश्वासाची जागा गेटावरच्या काट्यावरून प्रयोगशाळेतल्या टेबलावर गेली, एवढे लक्षात ठेवले पाहिजे.

सोन्याच्या व्यापारातही हेच झाले. पूर्वी सराफाने ‘बावीस कॅरेट’ म्हटले की बावीस कॅरेट, आणि पुढे तोच दागिना मोडायला नेला की घट किती निघते त्यावरून त्या पेढीचे नाव ठरायचे. ही परीक्षा कधी कधी एक पिढी उलटल्यावर व्हायची. १६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्किंग सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकाक्षरांच्या ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ग्राहकासाठी ही मोठी सोय आहे आणि ज्यांना जुन्या पेढीच्या विश्वासाबद्दल हळहळ वाटते त्यांनी त्या काळात सुनांच्या अंगावरचे किती सोने हिणकस निघाले याची चौकशी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे करावी. पण आता भरवसा सराफावर न राहता कस तपासणाऱ्या केंद्रावर आला आहे, आणि ते केंद्र ज्याच्याकडून शुल्क घेते तो सराफच असतो. तपासणाऱ्याला तपासला जाणारा पैसे देतो, ही रचना आधुनिक व्यापारात सगळीकडे आहे. लेखापरीक्षकाला कंपनी पैसे देते आणि पतमानांकन संस्थेला कर्ज घेणारी कंपनी पैसे देते. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस समूहाच्या रोख्यांना २०१८ च्या ऑगस्टपर्यंत सर्वोच्च मानांकन होते आणि सप्टेंबरपर्यंत त्या समूहाने देणी थकवली होती.

या सगळ्याचा कळस म्हणजे हैदराबादची संगणक सेवा कंपनी ‘सत्यम’. प्रकरण जुने झाले आहे आणि आज विशीत असलेल्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ते पाठ्यपुस्तकातूनच माहीत आहे, तरी मला ते पुन्हा उघडावेसे वाटते, कारण ते सांगताना नेहमी एकाच माणसाची गोष्ट सांगितली जाते. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला आणि शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीला पत्र पाठवून कबूल केले की, ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. त्या पत्रातले वाघावर स्वार झाल्याचे आणि उतरायचे कसे हे न कळल्याचे वाक्य सर्वांच्या लक्षात राहिले. माझ्या मते त्याच पत्रातली दुसरी कबुली अधिक मोलाची आहे: खरा नफा आणि पुस्तकात दाखवलेला नफा यांत सुरुवातीला थोडेसेच अंतर होते आणि ते वर्षागणिक वाढत गेले. म्हणजे तिथेही सुरुवात ३.५ आणि ३.४ च्या फरकानेच झाली होती.

या कंपनीत काय नव्हते? स्वतंत्र संचालक होते, मंडळावर हार्वर्डमध्ये शिकवणारे प्राध्यापक होते. लेखापरीक्षण जगातल्या चार मोठ्या नावांपैकी एका नावाखाली होत होते. शेअर्स न्यूयॉर्कमध्ये नोंदलेले असल्यामुळे अमेरिकेचे कडक नियमही लागू होते. आणि पत्राच्या काही महिने आधी, २००८ मध्येच, उत्तम कंपनी प्रशासनाबद्दलचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कारही मिळाला होता, याला विनोद म्हणावे की आणखी काही, ते वाचकांनी ठरवावे. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवले, आणि ती यादी डोळ्यांखालून घालण्यासारखी आहे. राजू धरून तीन भाऊ, मुख्य वित्त अधिकारी, लेखापरीक्षण करणारे दोघे, अंतर्गत लेखापरीक्षण विभागाचा प्रमुख आणि वित्त विभागातले तीन कर्मचारी. हजारोंच्या संख्येने बनावट बिले तयार झाली, मुदत ठेवींच्या खोट्या पावत्या तयार झाल्या. हे अध्यक्षांनी रात्री एकट्याने बसून केलेले काम नव्हते. कोणीतरी ती बिले संगणकात भरली, कोणीतरी पावत्यांवरचे आकडे जुळवले, आणि त्या प्रत्येकाला आपण काय करतो आहोत हे समजत होते.

लेखापरीक्षकांकडून जे राहून गेले ते तर फार साधे काम होते. कंपनी म्हणते तेवढी शिल्लक बँकेत आहे का, हे बँकेलाच पत्र लिहून विचारायचे आणि उत्तर कंपनीच्या हातून न घेता थेट आपल्या पत्त्यावर मागवायचे, हे या पेशात पहिल्या वर्षीच्या उमेदवारालाही शिकवले जाते. इथे कंपनीने हातात ठेवलेल्या कागदांवर भिस्त ठेवली गेली आणि अमेरिकेच्या नियामकांनी २०११ मध्ये याच मुद्द्यावर संबंधित लेखापरीक्षण संस्थांना दंड केला. या एका पत्राने पाच हजार कोटींचे खोटे उघडे पडले असते. ते पत्र लिहिले न जाण्यामागे अज्ञान असू शकत नाही. मोठ्या ग्राहकाला अवघड वाटेल असे काही विचारायचे नाही, हा संकोच असू शकतो. अशा संकोचाला आपण व्यवहारात ‘संबंध सांभाळणे’ म्हणतो आणि त्याचे कौतुक करतो.

त्यानंतर २०१३ चा कंपनी कायदा आला. लेखापरीक्षण संस्था दहा वर्षांनी बदलण्याची सक्ती आली, फसवणुकीची स्वतंत्र व्याख्या आणि शिक्षा आली, पुढे २०१८ मध्ये लेखापरीक्षकांवर देखरेख ठेवणारे राष्ट्रीय प्राधिकरणही आले. आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या दारांवर रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांची सूचना लागली. १९८४ मध्ये मुंबईत शीवला एका खोलीत सुरू झालेल्या आणि १३७ शाखांपर्यंत वाढलेल्या या बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये काढता येतील असे सांगण्यात आले. एका बांधकाम समूहाला दिलेली सुमारे साडेसहा हजार कोटींची कर्जे लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवली गेल्याचे पोलीस तक्रारीत नमूद झाले. लहान लहान रकमांची खाती तपासणाऱ्याच्या नजरेत भरत नाहीत, एवढे ज्याला माहीत होते त्यानेच ही युक्ती केली असणार. निवृत्तीची पुंजी ठेवलेले वृद्ध, गुरुद्वारांच्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या ठेवी, टॅक्सीवाले, छोटे दुकानदार असे लोक महिनोन्‌महिने रस्त्यावर उभे राहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींच्या विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली, जानेवारी २०२२ मध्ये बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, आणि पाच लाखांहून मोठी ठेव असलेल्यांची उरलेली रक्कम अनेक वर्षांच्या हप्त्यांत बांधली गेली. एकवीस हजार खोटी खाती दाखवायला किती हात लागले असतील, याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडला नाही.

इथे दोन आक्षेप येतात. पहिला नेहमीचा, ‘धंद्यात हे चालायचेच’. त्याला मी उत्तर देत नाही, कारण तो म्हणणारा माणूस स्वतःच्या घरचे दूध, सोने आणि ठेव यांबाबत कधीच तसे म्हणत नाही.

दुसरा आक्षेप वरवर सज्जन आहे आणि म्हणून त्याच्याशी थोडे थांबून बोलायला हवे. व्यवस्थापनाच्या वर्गात, उद्योजकांच्या मेळाव्यात आणि प्रेरणादायी व्याख्यानांत असे सांगितले जाते की, सचोटी शेवटी फायद्याचीच ठरते. विश्वास वाढतो, ग्राहक टिकतो, नाव होते. हे कधी कधी खरे असते. पण द्राक्षांच्या हंगामात नाशिक किंवा सांगली जिल्ह्यात जाऊन पाहावे. ओळखीचा व्यापारी आपला भाव सांगतो, रोख देतो. परगावचा नवखा व्यापारी किलोला दोन रुपये जास्त सांगतो, पहिल्या गाडीचे पैसे चोख देतो, पुढच्या चार गाड्यांना चेक देतो आणि एके दिवशी फोन बंद होतो. दर वर्षी पोलीस ठाण्यांत अशा तक्रारी येतात. त्या हंगामात चोख व्यापाऱ्याच्या हातून बागा गेलेल्या असतात, आणि पुढच्या हंगामात कोणी नवा माणूस दोन रुपये जास्त घेऊन आला की पुन्हा जातात. त्याची सचोटी त्याला काय मिळवून देते? काही वेळा काहीच नाही. सचोटी फायद्याची आहे म्हणून पाळा, असे शिकवले तर फायदा दिसेनासा होताच ती सोडायलाही आपणच शिकवलेले असते. सत्यमच्या वित्त विभागातल्या कर्मचाऱ्याने फायद्याचा हिशेब केला असता, तर बिले भरणे हेच बराच काळ फायद्याचे होते. सरळ वागण्याला किंमत मोजावी लागते, ती मोजणाऱ्याला परत मिळेलच असे नाही, आणि तरीही उरलेल्या सगळ्यांचा व्यवहार त्याच्या जिवावर चालतो, हे उघडपणे सांगणे मला जास्त प्रामाणिक वाटते.

आणि ही किंमत वाढवण्यात आपला, ग्राहकांचा, हात असतो. घराची फरशी बसवताना दुकानदाराने मला विचारले, ‘बिल पक्के करू की कच्चे?’ पक्क्या बिलात अठरा टक्के जात होते. मी कच्चे घेतले. त्याच रस्त्यावर पक्क्या बिलाशिवाय माल न देणारे एक दुकान होते आणि त्याच्याकडे त्या दिवशी, मी धरून, एक गिऱ्हाईक कमी गेले. दुधात पाणी घालणारा उत्पादक आणि फॅट कमी लावणारा केंद्रचालक हे एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा दोघांचेही म्हणणे बऱ्याचदा खरे असते.

तर मग काट्याजवळच्या माणसासाठी समाजाने काय केले आहे? २०१३ च्या कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या आणि मोठ्या कर्जदार कंपन्यांना तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी दक्षता यंत्रणा ठेवायला लावली, ही चांगली गोष्ट झाली. पण दूध केंद्र, सहकारी पतसंस्था, बाजार समितीतली आडत, भागीदारीतली पेढी, कंत्राटदाराकडचा साइट सुपरवायझर हे त्या छत्राखाली येत नाहीत, आणि या राज्यातले कितीतरी पगारी लोक तिथेच काम करतात. २०१४ मध्ये संसदेने संमत केलेला जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे आणि तोही अमलात आणला गेलेला नाही. म्हणजे पतसंस्थेतल्या कारकुनाने ‘या कर्जाला तारण नाही, मी सही करणार नाही’ असे म्हटले, तर त्याच्यामागे उभे राहणारे कोणीच नाही. उलट गावात चर्चा होते ती त्याला ‘जुळवून घेता आले नाही’ अशी. त्याची नोकरी गेल्यावर दुसरी पतसंस्था त्याला ठेवत नाही, कारण तोपर्यंत त्याचे नाव ‘अडचणीचा माणूस’ म्हणून झालेले असते. ज्या ठेवीदारांचे पैसे त्याने वाचवले त्यांना हे कधी कळतही नाही, कारण न झालेल्या घोटाळ्याची बातमी होत नाही.

हे सारे मान्य करूनही ‘साहेबांनी सांगितले म्हणून केले’ हा बचाव मला पुरा वाटत नाही. न्यायालयालाही तो पुरा वाटला नाही, हे सत्यमच्या यादीतले शेवटचे तीन कर्मचारी सांगतील. नोकरी जाईल ही भीती खरी आहे आणि घरचे हप्ते खरे आहेत. पण खोटा आकडा लिहिण्यात नकाराखेरीजही काही पायऱ्या असतात: लेखी आदेश मागणे, आपला वेगळा शेरा नोंदवणे, निदान दुसऱ्याला तो आकडा वाचू देणे. शेवटची पायरी सर्वांत स्वस्त आहे, आणि तीही टाळली जाते तेव्हा संशय घ्यायला जागा होते.

आमच्या गावच्या डेअरीवर माझ्या लहानपणी एक सचिव होते. तेव्हा फॅट काचेच्या नळीत आम्ल घालून, ती यंत्रात फिरवून काढत. वर पिवळसर पट्टी जमायची आणि ती कोणत्या रेघेपर्यंत आली ते डोळ्यांनी वाचायचे. सचिव नळी उजेडाकडे धरायचे आणि समोरच्याला म्हणायचे, ‘तूच वाच.’ निरक्षर माणसालाही रेघा मोजता येत. त्याने आकडा सांगितला की मगच वहीत जायचा, आणि या सगळ्यात वेळ जातो म्हणून तालुक्याच्या संघाचे लोक त्यांच्यावर नाराज असत.

गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा तिथे नवे यंत्र होते. अर्ध्या मिनिटात फॅट, एसएनएफ, पाण्याचे प्रमाण, सगळे सांगणारे. ते खिडकीच्या आत ठेवलेले होते आणि त्याचा पडदा आत बसलेल्या मुलाकडे होता. रांगेतल्या एका म्हातारीने त्याला ते जरा बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगितले. ‘वायर पुरत नाही, आजी,’ असे तो हसून म्हणाला, वहीत ३.४ लिहिले, आणि पुढची किटली घेतली. ते ३.४ असेलही.